त्रिनिदादचे कार्निव्हल संगीत आणि राजकारण

त्रिनिदादचे कार्निव्हल संगीत ही कॅरिबियन समुद्राच्या दक्षिण टोकाला असलेल्या त्रिनिदाद व टोबॅगो या देशातील वार्षिक कार्निव्हल उत्सवाभोवती वाढलेली संगीतपरंपरा आहे. कॅलिप्सो, स्टीलपॅन, सोका आणि चटणी-सोका हे तिचे प्रमुख प्रकार होत. एकोणिसाव्या शतकात वसाहती सरकारने या परंपरेतील वाद्यांवर निर्बंध घातले आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्या शब्दांवर पोलिसांची देखरेख ठेवली. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी मात्र तिला राष्ट्रीय ओळख मानून अनुदाने व पारितोषिके दिली. बंदी आणि आश्रय या दोन्ही अवस्थांत सत्ताधाऱ्यांवर जाहीर टीका करण्याचा हक्क गायकांनी सोडला नाही. त्याच वेळी, आफ्रिकी आणि भारतीय वंशाचे लोक जवळपास सारख्या संख्येने राहत असलेल्या या देशात 'लोकांचा आवाज' म्हणजे नेमका कोणाचा आवाज, हा वादही याच संगीतातून वारंवार उफाळला आहे.

उत्सवाचे स्वरूप

कार्निव्हल हा ख्रिस्ती पंचांगातील लेंट (ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ) सुरू होण्याआधीच्या सोमवारी व मंगळवारी साजरा होतो. सोमवारी पहाटे 'जुव्हे' या मिरवणुकीने त्याला आरंभ होतो. लोक अंगाला चिखल, तेल किंवा रंग फासून रस्त्यावर उतरतात. मंगळवारी सोंगे घेतलेल्या मोठ्या पथकांच्या मिरवणुका निघतात. कॅलिप्सोचा हंगाम त्याआधी काही आठवडे सुरू होतो. गायक आपली नवी गीते 'टेंट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमस्थळी सादर करतात. पूर्वी हे खरोखरीचे मांडव असत. आता बहुतेक कार्यक्रम सभागृहांत होत असले तरी नाव टिकून आहे.

कार्निव्हलपूर्व रविवारी राजधानी पोर्ट ऑफ स्पेन येथे 'दिमांश ग्रा' हा कार्यक्रम होतो. वर्षाचा 'कॅलिप्सो मोनार्क' परंपरेने याच मंचावर निवडला जातो. मिरवणुकीत सर्वाधिक वाजलेल्या गीताला 'रोड मार्च' हा वेगळा किताब मिळतो. पहिल्या स्पर्धेत शब्द आणि आशयाला महत्त्व असते, तर दुसऱ्या किताबात लोकांना नाचवणारी चाल महत्त्वाची ठरते. राजकीय भाष्य मुख्यतः पहिल्या प्रकारात आढळते.

कॅलिप्सो गायकाला कॅलिप्सोनियन म्हणतात. तो टोपणनावाने गातो. अटिला द हन, लॉर्ड किचनर, ग्राउलिंग टायगर अशी ही नावे सेनानी, उमराव किंवा हिंस्र श्वापदांची असतात. वसाहतीतील गरीब कृष्णवर्णीय गायकाने ब्रिटिश सेनापतीचे नाव धारण करून गावे, यातच सत्तेची एक थट्टा होती. द्व्यर्थी शब्दयोजना, 'पिकाँग' नावाची टोचून बोलण्याची रीत आणि ऐनवेळी पदे रचण्याचे कौशल्य ही या गायनाची वैशिष्ट्ये आहेत. थेट बोलणे धोक्याचे असेल तेथे दुहेरी अर्थ गायकाचे संरक्षण करतो.

उगम

त्रिनिदाद हे बेट १७९७ पर्यंत स्पेनच्या ताब्यात होते. १७८३ मध्ये स्पॅनिश राजसत्तेने कॅथॉलिक स्थलांतरितांना जमिनी देण्याचे फर्मान काढले. त्यामुळे आसपासच्या बेटांवरील फ्रेंच मळेमालक आपल्या गुलामांसह येथे आले. कार्निव्हल या मळेमालकांनी आणला. मुखवटे घालून होणारे नाच आणि मेजवान्या असे त्याचे स्वरूप होते. गुलामांना त्यात बरोबरीचे स्थान नव्हते.

१७९७ मध्ये ब्रिटिशांनी बेट जिंकले. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, तरी सक्तीच्या उमेदवारीची पद्धत १८३८ पर्यंत चालू राहिली. मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी रस्त्यावरील कार्निव्हल आपलासा केला, तसा उच्चवर्गीय त्यापासून दूर गेला. मुक्त झालेल्यांच्या उत्सवातील मुख्य भाग 'कँबुले' हा होता. जळता ऊस या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून हे नाव आले. मळ्यात उसाला आग लागली की रात्री-अपरात्री गुलामांना हाकलत नेले जाई. त्या प्रसंगाची आठवण म्हणून पेटत्या मशाली, ढोल आणि काठ्या घेऊन मिरवणूक काढली जात असे.

या मिरवणुकांत 'कालिंदा' नावाची लाठीची झुंज होत असे. प्रत्येक टोळीचा एक 'शांटवेल' म्हणजे पुढारी गायक असे. तो आपल्या लढवय्याची स्तुती आणि प्रतिस्पर्ध्याची निंदा गाई, तर इतर लोक त्याला साथ देत. हा शांटवेल कॅलिप्सोनियनचा पूर्वज मानला जातो. त्याची भाषा फ्रेंचवर आधारलेली क्रिओल बोली होती. इंग्रज अधिकाऱ्यांना ती सहसा समजत नसल्याने तिच्यात टीकेला अधिक वाव होता. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिप्सोची भाषा हळूहळू इंग्रजी झाली. त्यामुळे श्रोतृवर्ग वाढला, पण सत्ताधाऱ्यांनाही गाणे समजू लागले.

ढोलबंदी आणि तिचे परिणाम

१८८० च्या सुमारास पोलीसप्रमुख कॅप्टन आर्थर बेकर याने कँबुले मोडून काढण्याचा प्रयत्न सुरू केला. फेब्रुवारी १८८१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे मिरवणूक आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. ती 'कँबुले दंगल' म्हणून ओळखली जाते. गव्हर्नर सॅनफर्ड फ्रीलिंग यांनी स्वतः जमावापुढे भाषण करून पोलिसांना बराकीत ठेवण्याचे मान्य केले, तेव्हा वातावरण निवळले. लंडनहून पाठवलेल्या रॉबर्ट हॅमिल्टन यांनी या प्रकरणाची चौकशी केली. मात्र १८८४ च्या शांतता संरक्षण कायद्याने मशाली, ढोलवादन आणि काठ्या घेऊन जमणे यांवर कडक निर्बंध आले व कँबुले बंद पडले.

याच वर्षी निर्बंधांचा फटका भारतीय मजुरांनाही बसला. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १ लाख ४४ हजार भारतीय करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी त्रिनिदादला आणले गेले. त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश व बिहारच्या भागांतील होते. मोहरमच्या ताबुतांची मिरवणूक, म्हणजे 'होसे', हा त्यांचा सर्वांत मोठा सार्वजनिक सोहळा होता. त्यात हिंदू मजूर आणि काही आफ्रिकी वंशाचे लोकही सामील होत. सरकारने ताबुतांना शहरात येण्यास मनाई केली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी सान फर्नांडो शहराच्या वेशीवर मिरवणुकांवर गोळीबार झाला. त्यात किमान १६ जण ठार व शंभराहून अधिक जखमी झाले. कँबुले आणि होसे यांचा इतिहास सामान्यतः वेगवेगळा सांगितला जातो, परंतु रस्त्यावरचा ढोल हा दोन्ही समाजांच्या बाबतीत सरकारला धोक्याचा वाटत होता.

ढोल बंद झाल्यावर कारागिरांनी पर्याय शोधले. वेगवेगळ्या लांबीचे बांबू जमिनीवर आपटून ताल धरणारी 'तांबू बांबू' पथके उभी राहिली. १९३० च्या दशकात त्यांत डबे, झाकणे आणि मोटारींचे लोखंडी भाग आले. १९४० च्या दशकात तेलाची रिकामी पिंपे कापून, त्यांचा तळ ठोकून व तापवून त्यातून निश्चित स्वर काढण्याचे तंत्र विकसित झाले. हाच स्टीलपॅन होय. विन्स्टन 'स्प्री' सायमन, एली मॅनेट आणि अँथनी विल्यम्स ही या विकासातील महत्त्वाची नावे आहेत. हे वाद्य गरीब वस्त्यांत जन्मले. पथकांमध्ये मारामाऱ्या होत असल्याने प्रतिष्ठित वर्ग वादकांना गुंड समजत असे. १९५१ मध्ये 'त्रिनिदाद ऑल स्टील पर्कशन ऑर्केस्ट्रा' हे निवडक वादकांचे पथक ब्रिटनमधील महोत्सवासाठी गेले आणि तेथील यशानंतर देशातील दृष्टिकोन बदलू लागला. १९६३ पासून 'पॅनोरामा' ही स्टीलपॅन पथकांची राष्ट्रीय स्पर्धा होते. १९९२ मध्ये या वाद्याला राष्ट्रीय वाद्याचा दर्जा मिळाला. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन घोषित केला. देशाच्या राजचिन्हावरील कोलंबसची जहाजे काढून त्या जागी स्टीलपॅन आणण्याचा निर्णय सरकारने २०२४ मध्ये जाहीर केला.

सेन्सॉर आणि कामगार चळवळ

१९३० च्या दशकात कॅलिप्सोच्या ध्वनिमुद्रिका न्यूयॉर्कमध्ये तयार होऊन परदेशांत विकल्या जाऊ लागल्या. १९३४ मध्ये अटिला द हन (मूळ नाव रेमंड केव्हेदो) आणि रोअरिंग लायन (राफाएल दे लेऑन) हे ध्वनिमुद्रणासाठी तेथे गेले. त्याच वर्षी वसाहती सरकारने नाट्यगृहे व नृत्यगृहे यांविषयीचा कायदा केला. त्यानुसार टेंटसाठी परवाना आवश्यक ठरला आणि अश्लील किंवा व्यक्ती व समाजगटांचा अपमान करणाऱ्या गीतांना मनाई झाली. काय अपमानकारक आहे हे ठरवण्याचे काम अधिकाऱ्यांकडे असल्याने कायद्याचा रोख राजकीय टीकेवरही वळला. बाहेरून येणाऱ्या ध्वनिमुद्रिकाही तपासल्या जात.

१९ जून १९३७ रोजी फिझाबाद येथे तेलक्षेत्रातील कामगारांचे नेते ट्यूबल युरिया बटलर यांना अटक करण्याचा प्रयत्न झाला. त्यातून हिंसक संघर्ष भडकला आणि संप बेटभर पसरला. कामगारांविषयी सहानुभूती दाखवणारे गव्हर्नर मर्चिसन फ्लेचर यांना पुढे पद सोडावे लागले. अटिला यांनी या प्रकरणावर आणि चौकशी आयोगाच्या अहवालावर कॅलिप्सो रचले. आयोगाने कामगारांच्या हलाखीकडे कसे दुर्लक्ष केले, हे उपरोधाने सांगणाऱ्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेवर त्रिनिदादमध्ये बंदी आली. ग्राउलिंग टायगर (नेव्हिल मार्कानो) यांनी १९३५ च्या 'मनी इज किंग' या गीतात पैसेवाला आणि कंगाल यांना समाजात मिळणारी वागणूक शेजारी-शेजारी ठेवली. १९३९ मध्ये कामगारांच्या स्थितीवरील गीताने त्यांनी पहिला 'कॅलिप्सो किंग' किताब जिंकला. १९ जून हा दिवस आता देशात कामगार दिन म्हणून पाळला जातो.

१९४६ मध्ये प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली. त्याच वर्षी अटिला पोर्ट ऑफ स्पेनच्या नगरपरिषदेवर आणि १९५० मध्ये विधान परिषदेवर निवडून आले. ज्याच्या गाण्यांवर सरकारने बंदी घातली होती, तोच गायक कायदे करणाऱ्या सभागृहात बसला आणि तेथूनही त्याने कॅलिप्सोवरील निर्बंधांना विरोध केला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बेटावर मोठे लष्करी तळ उभारले. युद्धकाळात १९४२ पासून रस्त्यावरील कार्निव्हल बंद होता. टेंट मात्र अमेरिकी सैनिकांनी भरून जात. तळांमुळे आलेला पैसा आणि त्याभोवती वाढलेला देहविक्रय यांवर लॉर्ड इनव्हेडर यांनी 'रम अँड कोका-कोला' हे गीत रचले. अमेरिकेतील अँड्र्यूज सिस्टर्स यांनी ते गाऊन १९४५ मध्ये प्रचंड लोकप्रिय केले, पण श्रेय एका अमेरिकी विनोदी कलाकाराच्या नावावर गेले. इनव्हेडर यांनी अमेरिकी न्यायालयात दाद मागितली आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला.

स्वातंत्र्य, स्पॅरो आणि एरिक विल्यम्स

१९५६ हे वर्ष देशाच्या राजकारणात आणि संगीतात एकाच वेळी वळणाचे ठरले. फेब्रुवारीत ग्रेनाडात जन्मलेल्या माइटी स्पॅरो (स्लिंगर फ्रान्सिस्को) या तरुण गायकाने 'जीन अँड डायना' या गीतासह कॅलिप्सो किंग किताब जिंकला. अमेरिकी सैनिक निघून गेल्यावर वेश्याव्यवसायातील स्त्रियांवर आलेली पाळी हा गीताचा विषय होता. सप्टेंबरमध्ये इतिहासकार डॉ. एरिक विल्यम्स यांच्या नेतृत्वाखालील पीपल्स नॅशनल मूव्हमेंट (पीएनएम) हा नवा पक्ष निवडणूक जिंकून सत्तेवर आला.

विजेत्या स्पॅरोला रोख केवळ ४० डॉलर मिळाले, तर त्याच उत्सवातील सौंदर्यस्पर्धेच्या विजेतीला हजारो डॉलरांची बक्षिसे मिळत. या स्पर्धेत गोऱ्या व उजळ वर्णाच्या उच्चवर्गीय तरुणींचेच वर्चस्व असे. स्पॅरो यांनी १९५७ मध्ये स्पर्धेवर बहिष्कार टाकला आणि त्याच विषयावर गीतही केले. त्याच वर्षी सरकारने कार्निव्हल विकास समिती स्थापन करून उत्सवाचे संयोजन आपल्याकडे घेतले. अशा प्रकारे कार्निव्हल राज्यसंस्थेच्या छत्राखाली आला.

स्पॅरो यांनी आरंभी विल्यम्स यांना उघड पाठिंबा दिला, करवाढीसारख्या अप्रिय निर्णयांचीही गीतांतून पाठराखण केली. १९६२ मध्ये जमैकाच्या माघारीमुळे वेस्ट इंडीज संघराज्य कोसळले, तेव्हा त्यावरही त्यांनी भाष्य केले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला त्रिनिदाद व टोबॅगो स्वतंत्र झाला. परंतु पाठिंबा बिनशर्त राहिला नाही. एका ज्येष्ठ मंत्र्याने पोलीस कोठडीतून नातेवाइकास सोडवल्याच्या प्रकरणी विल्यम्स यांनी घेतलेली हटवादी भूमिका स्पॅरो यांनी १९६५ च्या एका गीतात पंतप्रधानांच्याच तोंडी घालून दाखवली. ऐकणाऱ्याला ती स्तुती वाटावी की टवाळी, हे त्यांनी श्रोत्यांवरच सोडले.

शिक्षक असलेले माइटी चॉकडस्ट (हॉलिस लिव्हरपूल) यांचा संघर्ष अधिक थेट होता. १९६८ मध्ये परदेशी जाणाऱ्या शिक्षित तरुणांविषयी आणि शिक्षकांच्या दुरवस्थेविषयी त्यांनी गीत गायले, तेव्हा सरकारी नोकराने परवानगीविना दुसरा व्यवसाय करू नये, असा आक्षेप अधिकाऱ्यांनी घेतला. चॉकडस्ट यांनी पुढच्या वर्षी मंत्रालयाला उत्तर म्हणून गीतच सादर केले. नंतरच्या काळात त्यांनी इतिहासात डॉक्टरेट मिळवली आणि कार्निव्हलवर संशोधनग्रंथ लिहिला.

१९७० मध्ये बेरोजगारी आणि अर्थव्यवस्थेवरील परकीय कंपन्यांची पकड यांविरुद्ध 'ब्लॅक पॉवर' आंदोलन उभे राहिले. त्या वर्षीच्या कार्निव्हलमध्येही काही पथकांनी आफ्रिकी व कृष्णवर्णीय नेत्यांची सोंगे आणली. २१ एप्रिल १९७० रोजी सरकारने आणीबाणी जाहीर केली. सैन्यातील एका गटाने बंड केले, ते मोडण्यात आले. माइटी ड्यूक, ब्रदर व्हॅलेंटिनो, ब्लॅक स्टॅलिन आणि चॉकडस्ट यांच्या गीतांतून हा विचार पुढील दशकात तग धरून राहिला. १९७३ नंतर तेलाच्या दरवाढीमुळे देशात पैसा खेळू लागला. तेव्हा व्हॅलेंटिनो यांनी मौजमजेत रमून अन्यायाकडे पाठ फिरवणाऱ्या देशबांधवांनाच धारेवर धरले.

१९८६ ची निवडणूक

एरिक विल्यम्स यांचे १९८१ मध्ये निधन झाले. त्यानंतर तेलाचे भाव कोसळल्याने मंदी आली. १९८६ च्या कार्निव्हलमध्ये जिप्सी (विन्स्टन पीटर्स) यांचे 'सिंकिंग शिप' हे गीत गाजले. त्यात देशाला बुडत्या जहाजाचे रूपक दिलेले होते. 'व्होट देम आउट' या डिपल यांच्या गीताने तर सरकार बदलण्याचे थेट आवाहन केले. १५ डिसेंबर १९८६ च्या निवडणुकीत नॅशनल अलायन्स फॉर रिकन्स्ट्रक्शन या आघाडीने ३६ पैकी ३३ जागा जिंकल्या आणि पीएनएमची तीस वर्षांची सत्ता संपली. पराभवाची मुळे आर्थिक होती, परंतु मतदारांच्या मनातील असंतोषाला या गीतांनी शब्द दिले, असे सामान्यतः मानले जाते. नव्या आघाडीलाही सूट मिळाली नाही. तिच्यात फूट पडल्यावर १९८९ मध्ये चॉकडस्ट यांनी चालक हवा असलेल्या मोटारीचे रूपक वापरून पंतप्रधानांची खिल्ली उडवली आणि मोनार्क किताब जिंकला.

जिप्सी पुढे स्वतः राजकारणात उतरले आणि २०१० मध्ये कला व बहुसांस्कृतिकता खात्याचे मंत्री झाले.

वांशिक ओळख आणि कॅलिप्सो

२०११ च्या जनगणनेनुसार देशात भारतीय वंशाचे लोक सुमारे ३५ टक्के, आफ्रिकी वंशाचे सुमारे ३४ टक्के आणि मिश्र वंशाचे सुमारे २३ टक्के आहेत. राजकीय पक्षांचा पाठिंबाही बऱ्याच अंशी वंशानुसार विभागलेला आहे. कॅलिप्सो गायक मात्र प्रामुख्याने आफ्रिकी वंशाचे राहिले. त्यामुळे सत्तेवर कोण आहे त्यानुसार एकाच प्रकारच्या टीकेचा अर्थ बदलतो.

१९७९ मध्ये ब्लॅक स्टॅलिन (लिरॉय कॅलिस्ट) यांनी कॅरिबियन ऐक्यावरील गीतासह मोनार्क किताब जिंकला. प्रादेशिक करारांऐवजी समान वंश आणि समान इतिहास हा ऐक्याचा पाया असावा, असा त्याचा आशय होता. कॅरिबियन माणूस म्हणजे आफ्रिकेतून जहाजाने आणलेल्यांचा वंशज, अशी त्यातील मांडणी असल्याने भारतीय वंशाचे लोक आणि स्त्रिया त्यातून वगळल्या जातात, असा आक्षेप समाजशास्त्रज्ञ रमेश देवसरन यांच्यासह अनेकांनी घेतला. वृत्तपत्रांतून यावर दीर्घ वाद झाला.

नोव्हेंबर १९९५ च्या निवडणुकीत पीएनएम आणि युनायटेड नॅशनल काँग्रेस यांना प्रत्येकी १७ जागा मिळाल्या. टोबॅगोतील दोन जागांच्या पाठिंब्यावर कामगार नेते बासदेव पांडे हे भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. पुढच्याच कार्निव्हलमध्ये क्रो क्रो यांनी सत्ता हातची घालवल्याबद्दल कृष्णवर्णीय मतदारांना दोष देणारे गीत गाऊन मोनार्क किताब मिळवला. समर्थकांनी ते राजकीय भाष्य मानले, तर भारतीय वंशाच्या अनेकांना ते वंशद्वेषाचे वाटले. सरकारी पैशाने चालणाऱ्या मंचावर एका समाजाची हेटाळणी व्हावी काय, असा प्रश्न उपस्थित झाला. उलट बाजूने, सरकार टीकाकारांचे तोंड बंद करू पाहत आहे, अशी भीती व्यक्त होऊ लागली.

भारतीय वंशाच्या समाजाने याच काळात कार्निव्हलमध्ये स्वतःचा आवाज निर्माण केला. विवाहप्रसंगी स्त्रिया गात असलेल्या भोजपुरी गीतांतून आणि ढोलक, हार्मोनियम व धनताल या वाद्यांच्या साथीतून चटणी संगीत विकसित झाले. १९७० च्या सुमारास सुंदर पोपो यांच्या 'नाना अँड नानी' या गीताने त्याला व्यापक लोकप्रियता मिळवून दिली. द्रुपती रामगुणाई यांनी १९८७ मध्ये चटणी आणि सोका यांचा मेळ घातला. भारतीय वंशाच्या स्त्रीने कार्निव्हलच्या मंचावर गावे, नाचावे, हे सनातनी हिंदूंना रुचले नाही आणि त्यांच्यावर कठोर टीका झाली. १९९६ पासून चटणी-सोकाची स्वतंत्र मोनार्क स्पर्धा होते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस गाजलेल्या रिकी जय यांच्या 'सुमिंत्रा' या गीतातील भारतीय वंशाची नायिका प्रियकराने आणलेली लता मंगेशकर यांची गाणी नाकारून सोकाची मागणी करते. भारतीय संगीताला या समाजाच्या घराघरांत असलेले स्थान गृहीत धरूनच, आपण प्रथम त्रिनिदादच्या आहोत, असे ती सांगते.

स्त्री गायिका

कॅलिप्सोवर दीर्घकाळ पुरुषांचे वर्चस्व होते आणि अनेक गीतांत स्त्रियांची कुचेष्टा असे. टोबॅगोत जन्मलेल्या कॅलिप्सो रोझ (मॅकार्था लुईस) १९७७ मध्ये रोड मार्च जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९७८ मध्ये त्यांनी मुख्य स्पर्धाही जिंकली आणि 'कॅलिप्सो किंग' हे नाव बदलून 'कॅलिप्सो मोनार्क' करण्यात आले. त्याच सुमारास सिंगिंग फ्रान्सिन यांनी नवऱ्याचा मार सहन करणाऱ्या स्त्रीला घर सोडण्याचा सल्ला देणारे गीत गायले. १९८७ मध्ये सिंगिंग सँड्रा यांनी नोकरीच्या बदल्यात होणाऱ्या लैंगिक मागणीविरुद्ध आवाज उठवला. त्यांनी १९९९ मध्ये गरीब वस्त्यांतील जीवनावरील गीतासह मोनार्क किताब जिंकला.

सोका

१९७० च्या दशकात लॉर्ड शॉर्टी (गारफील्ड ब्लॅकमन) यांनी कॅलिप्सोच्या तालात भारतीय तालवाद्यांची लय मिसळून सोका हा प्रकार निर्माण केला. आफ्रिकी आणि भारतीय समाजांचे संगीत एकत्र आणण्याचा त्यांचा उद्देश होता. सोकाची गती वाढत गेली, शब्द कमी झाले आणि गीते नाचण्यासाठी होऊ लागली. त्यामुळे तो राजकारणापासून दूर गेल्याची टीका होते. तथापि २०१७ मध्ये मंदीच्या काळात रोड मार्च ठरलेल्या 'फुल एक्स्ट्रीम' या गीतावरून, संकटातही नाचत राहणे ही बेफिकिरी की चिवटपणा, अशी चर्चा देशभर झाली.

देशाबाहेरील प्रभाव

लंडनमध्ये १९५८ च्या नॉटिंग हिल येथील वांशिक दंगलींनंतर त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या पत्रकार व कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्स यांनी जानेवारी १९५९ मध्ये सेंट पँक्रस टाऊन हॉल येथे कॅरिबियन कार्निव्हल भरवला. नंतरच्या नॉटिंग हिल कार्निव्हलची ती पूर्वपीठिका मानली जाते. बार्बाडोसमध्ये माइटी गॅबी यांनी १९८० च्या दशकात पर्यटन व्यवसायामुळे स्थानिकांना समुद्रकिनारे बंद होण्याच्या धोक्यावर आणि वाढत्या लष्करी खर्चावर कॅलिप्सो रचले. हैतीमध्ये १९९० च्या कार्निव्हलमधील बूकमन एक्सपेरियन्स या संगीतसमूहाचे गीत लष्करी राजवटीविरुद्धच्या असंतोषाचे प्रतीक ठरले. त्याच देशात कार्निव्हलचे लोकप्रिय गायक मिशेल मार्टेली २०११ ते २०१६ या काळात राष्ट्राध्यक्ष होते.

क्रिकेट हाही कॅलिप्सोचा आवडता विषय आहे. १९५० मध्ये वेस्ट इंडीजने लॉर्ड्सवर इंग्लंडला प्रथमच हरवले, तेव्हा लॉर्ड बिगिनर यांनी रामाधीन आणि व्हॅलेंटाइन या फिरकी गोलंदाजांवर गीत रचले. एक भारतीय वंशाचा आणि एक आफ्रिकी वंशाचा असे हे दोन खेळाडू वसाहतीच्या धन्यावरील विजयाचे मानकरी होते. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिली मालिका जिंकली. त्यात ७७४ धावा करणाऱ्या सुनील गावसकर यांच्यावर लॉर्ड रिलेटर यांनी रचलेला कॅलिप्सो प्रसिद्ध आहे.

अभ्यासकांची मते

कार्निव्हलमधील टीकेच्या परिणामाविषयी दोन भूमिका मांडल्या जातात. पहिल्या भूमिकेनुसार, वर्षातून काही आठवडे बोलण्याची मुभा देऊन सत्ता लोकांच्या रागाला वाट करून देते आणि उत्सव संपल्यावर व्यवस्था पूर्ववत चालू राहते. दुसरी भूमिका असे दाखवते की ज्या गोष्टी बंद पाडण्यासाठी सरकारांना कायदे आणि पोलीस वापरावे लागले, त्या निरुपद्रवी नव्हत्या. गॉर्डन रोलेहर यांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला स्वातंत्र्यपूर्व काळातील कॅलिप्सो व समाज यांविषयीचा ग्रंथ या क्षेत्रातील मूलभूत अभ्यास मानला जातो. अर्ल लव्हलेस यांच्या 'द ड्रॅगन कान्ट डान्स' (१९७९) या कादंबरीत गरीब वस्तीतील बंडखोर कार्निव्हल प्रायोजकांच्या आणि राज्यसंस्थेच्या हाती जाताना काय गमावतो, याचे चित्रण आहे.

सद्यस्थिती

कार्निव्हलचे नियोजन १९९१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय कार्निव्हल आयोगाकडे आहे. टेंटचा प्रेक्षकवर्ग घटला असून अनेक टेंट सरकारी अनुदानावर अवलंबून आहेत. अनुदान देणाऱ्यावरच टीका करायची, हे त्यांच्यापुढील अवघड काम आहे. दुसरीकडे गायकाच्या स्वातंत्र्याची कायदेशीर मर्यादाही तपासली जात आहे. २०१७ मध्ये चॉकडस्ट यांनी बालविवाहाचे समर्थन करणाऱ्यांवर अंकगणिताच्या रूपकातून टीका करून नवव्यांदा मोनार्क किताब जिंकला आणि स्पॅरो यांचा आठ किताबांचा विक्रम मागे टाकला. हे गीत एका धर्मसमुदायाला लक्ष्य करते, असा आक्षेप हिंदू संघटनेच्या नेतृत्वाने घेतला. त्याच वर्षी संसदेने विवाहाचे किमान वय सर्वांसाठी १८ केले. जानेवारी २०२४ मध्ये मात्र उच्च न्यायालयाने क्रो क्रो यांच्या एका कॅलिप्सोमुळे एका व्यक्तीची बदनामी झाल्याचे मान्य करून नुकसानभरपाईचा आदेश दिला. त्यामुळे कॅलिप्सोतील टोचणी कोठे संपते आणि बदनामी कोठे सुरू होते, या प्रश्नाचा निर्णय आता टेंटमधील श्रोत्यांबरोबर न्यायालयातही होऊ लागला आहे.